अठरा आले

जिन्याच्या पहिल्याच पायरीवर गिरिजाबाई थांबल्या आणि मान वर करून घुमटाकडे बघत राहिल्या. मागची माणसं खोळंबली, तरी त्या हलेनात. नवऱ्याच्या तोंडून तीस वर्षं या घुमटाचं कौतुक ऐकलं होतं. त्यात खरं किती आणि तिखटमीठ किती, हे आज तपासायचं होतं.

"अहो, तुम्ही सांगायचात त्यापेक्षा मोठा आहे की."

"मी कमीच सांगायचो. तुला खोटं वाटलं असतं," काशीनाथ म्हणाले.

मुंबई महापालिकेच्या याच दगडी इमारतीत ते शिपाई होते. रिटायर होऊन सहा वर्षं झाली. आज रविवार, इमारत बघायला येणाऱ्यांचा दिवस. नवघरच्या घरातून निघतानाच गिरिजाबाईंनी बजावलं होतं, "आज तुम्ही पाहुणे. सभागृहात माझ्या बाजूला उभं राहायचं." त्यांना एवढी एकच हौस होती.

माहिती सांगणारी निशिगंधा चुणचुणीत होती, पण गिरिजाबाईंनी तिला घाम फोडला. हे पितळ कशानं घासतात? एवढ्या उंचावरच्या रंगीत काचा पुसतं कोण?

"काकी, हे अजून कोणी विचारलंच नव्हतं," ती हसून म्हणाली. काशीनाथना सगळी उत्तरं येत होती. पण पाहुण्यानं मध्ये बोलू नये, म्हणून ते गप्प राहिले.

सभागृहाचं अवजड दार उघडलं आणि घोळका आत शिरला. गिरिजाबाई छताचं नक्षीकाम बघता बघता पार मधोमध जाऊन पोचल्या.

"सगळे आले ना?" निशिगंधानं विचारलं.

"अठरा आले, मॅडम," दाराकडून काशीनाथ म्हणाले.

"लिस्टमध्ये तर एकोणीस जण आहेत, काका. कोणीतरी मागे राहिलंय."

काशीनाथनी वाकून व्हरांड्यात दोन्ही बाजूंना नजर टाकली. "बाहेर कोणी नाही, मॅडम. मी बघितलं ना."

गिरिजाबाईंनी वळून पाहिलं. काशीनाथ उंबऱ्याबाहेर उभे होते. पाठीनं दार रेटून धरलेलं, अंग चोरून माणसांना वाट करून दिलेली. त्या तडक मागे गेल्या, बाहेर आल्या आणि दारावर हात ठेवला.

"सोडा. मी धरते."

"अगं, जड आहे ते."

"असू दे. एकोणिसावे तुम्हीच. जा आत."

काशीनाथ जरा घुटमळले, मग आत गेले. पाण्याचा ट्रे नाहीतर फायलींचा गठ्ठा घेतल्याशिवाय या खोलीत ते कधी शिरलेच नव्हते. चार पावलं टाकून ते थांबले. रिकाम्या हातांचं काय करायचं, ते त्यांना सुचेना.