फिरत्या दवाखान्याचं दार

वाऱ्यानं डब्याचं दार धाडकन लागलं आणि बाजारातली माणसं एकदम गप्प झाली. आत डॉक्टर होते आणि पलीकडच्या वाडीची एक तरणी सून होती.

गप्प बसेल तो उकंडा कसला!

"डाक्टरसायेब, नाडी सापडली का नाही अजून?" तो गर्दीतून ओरडला.

सारा बाजार खो खो हसला. दार ढकलून सून बाहेर आली आणि मान खाली घालून, औषध न घेताच निघून गेली.

डबा म्हणजे फिरता दवाखाना. जीपला जोडून बोरी अरबच्या बाजारात आणून उभी केलेली, दोन चाकांवरची पत्र्याची खोली. यवतमाळच्या कुण्या धर्मादाय मंडळींनी पाठवलेली. हेतू चांगला, पण सोबतची नर्सबाई तापानं पडलेली, पडदा धुवायला गेलेला आणि दार मागं अडकवायची कडी तुटलेली. आसपासच्या खेड्यांत आजवर देवी टोचणारा तेवढा यायचा, तोही पारावर बसून चारचौघांत टोचायचा. बंद दाराआड बाईमाणसाला तपासणारा पुरुष ही नवीनच गोष्ट होती.

रांगेतल्या बायका चुळबुळू लागल्या. दोघी तर घराकडे निघाल्यासुद्धा.

"दार उघडं राहीन तं आमी येतो," एका म्हातारीनं ठणकावून सांगितलं. "नाही तं तुमचं औषिद तुमच्यापाशीच ठेवा."

कंपाउंडरनं दाराला दगड लावला. दार जमिनीपासून हातभर वर, दगड खाली. दोघांची भेटच होईना. काठीचा टेकू दिला, तो वाऱ्यानं पाडला. मग दोरीनं दार जीपला बांधलं, तर ड्रायव्हर जीप सोडवून पाणी आणायला निघाला.

"सरा बाप्पा, मी धरतो," म्हणत उकंडा पुढं झाला. दाराला पाठ लावून, पाय रोवून उभा राहिला. लोकांनी वाहवा केली. त्यालाही बरं वाटलं. स्तुती कुणाला कडू लागते?

बायका परत रांगेत आल्या. कुणाला ताप, कुणाला खोकला, कुणाच्या पोटात कळा. सगळं उघड्या दारात, सगळ्यांच्या देखत. कुणाला काय झालं आणि काय औषध मिळालं, हे डॉक्टरांच्या आधी रांगेला कळत होतं.

मग मथुराची पाळी आली.

मथुरा उकंडाची बायको. तिच्या छातीत गाठ होती. आधी सुपारीएवढी होती, आता लिंबाएवढी झाली होती, आणि हे तिच्याशिवाय एकट्या उकंडालाच माहीत होतं. डॉक्टरपुढं लाजायचं नसतं म्हणून त्यानंच तिची समजूत घातली होती. तीन कोस चालून दोघं आज आली होती ती एवढ्याचसाठी. दार धरायच्या भरात त्याला याचा पार विसर पडला होता.

"काय होतंय, बाई?" डॉक्टरांनी विचारलं.

मथुरानं पदर घट्ट धरला आणि दाराकडे बघितलं. दारात उकंडा. त्याच्यापलीकडे रांग, आणि रांगेमागं भजी खात उभे असलेले पुरुष. सगळे आत बघत होते. ती उकंडाकडे बघत राहिली. त्याला कळलं. दाराला लावलेली पाठ काढून घ्यायची, एवढंच तर करायचं होतं. पुढचं काम वाऱ्यानं केलं असतं.

उकंडा हलला नाही. दार लागलं असतं, तर कुणीतरी ओरडून नाडीची चौकशी केली असती. बाजार पुन्हा खो खो हसला असता, आणि या खेपेला त्याच्या बायकोला. त्यानं मान दुसरीकडे वळवली.

"डोकं दुखते," आत मथुरा म्हणाली.

"कधीपासून?"

"बरेच दिस झाले."

डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, गोळ्यांची पुडी दिली. मथुरा पायरी उतरली.

उकंडाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पुडी नीट बांधून घे पदरात," तो हळूच म्हणाला, उगाच काहीतरी बोलायचं म्हणून.

तिनं पुडी पदराला बांधली आणि समोरच्या चिंचेखाली जाऊन बसली.

खरं तर आता दुसऱ्या कुणाला दार धरायला सांगून त्याला निघता आलं असतं. एकदोघे तसं म्हणालेही. पण दार सोडलं की तिच्यासोबत घरापर्यंत चालावं लागणार होतं. तो तसाच उभा राहिला. ऊन कलंडलं, खांदा भरून आला, बाजार पांगत गेला. शेवटची बाई औषधाची बाटली घेऊन उतरली, तेव्हा डॉक्टर हात पुसत दारात आले.

"दादा, तुमचे फार उपकार झाले. तुम्ही होतात म्हणून आज बायका आत तरी आल्या."

उकंडानं मान खाली घातली. एवढी लाज त्याला जन्मात कधी वाटली नव्हती.

"आणखी कोणी राहिलंय का?" डॉक्टरांनी विचारलं. "राहिलं असेल तर बोलवा. मग आम्ही निघतो."

चिंचेखाली मथुरा उठून उभी राहिली. भज्यांच्या दुकानापाशी अजून तीन-चार माणसं रेंगाळत होती. त्यातला एक जण उकंडाकडे बघून हसला.

"नाही सायेब," उकंडा म्हणाला. "कोनी नाही राह्यलं."