न आलेला ताप

दहा महिन्यांची रेवती हनुवटी वर करून डॉक्टरांकडे पाहत होती. तिच्या पापण्या अर्ध्याच उघडत.

"पोटात असतानाच डोळ्यांच्या नसा नीट वाढल्या नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग तिच्या वडिलांच्या, दिगंबरच्या तशाच अर्धवट उघड्या पापण्यांकडे पाहून त्यांनी विचारलं, "तुमचंही जन्मापासूनच का?"

"नाही, यांना लहानपणी मोठा ताप आला होता," रेवतीची आई सुलभा पटकन म्हणाली. लग्न ठरताना तिला तसंच सांगितलं होतं.

दिगंबरने मान खाली घातली. "ताप आलाच नव्हता. जन्मापासूनच आहे. लग्न मोडेल म्हणून माझ्या आईने तापाचं सांगितलं, मीही गप्प बसलो."

सुलभाने रेवतीला छातीशी घेतलं. "खरं सांगितलं असतंत, तरी मी तुम्हालाच होकार दिला असता," ती म्हणाली आणि त्याच्यासाठी न थांबता बाहेर पडली.