नाव नसलेली रेकॉर्डिंग

माझ्या लग्नपत्रिकेची फाइल दुपारपर्यंत छापखान्यात द्यायची होती आणि मेला पेनड्राइव्ह नेमका सापडेना. शेवटी बाबांचा एमपीथ्री प्लेअर कॉम्प्युटरला जोडला. जागा कमी पडली. त्यांच्या गाण्यांना हात लावायची हिंमत नव्हती. नाव नसलेली तीन रेकॉर्डिंग तेवढी न ऐकताच उडवली.

"झालं हो काम, बाबा!" घरी येताच मी प्लेअर त्यांना दिला.

घशाच्या ऑपरेशननंतर बाबांचा आवाज गेला. ते पाटीवर लिहून बोलतात. हसत लिहिलं, "तुझ्याकडेच ठेव. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुझ्यासाठी मंगलाष्टकं म्हणून ठेवलीत त्यात. अंतरपाट धरला की लाव."

माझे डोळे बघून त्यांनी पाटी पुसली, पुन्हा लिहिलं,

"रडतेस काय, वेडे? आवाज छान लागलाय."