रेघा मोजणारी

खंडेनवमीला लेकीनं अनगोळच्या घरातल्या लोखंड कातायच्या लेथवर बोराएवढ्या लाल आकड्यांत माप दाखवणारी डिजिटल पेटी बसवली. देवाप्पांची नजर मंदावल्यापासून हॅण्डलच्या चकतीवरल्या बारीक रेघा बायको चंद्राबाई मोजून सांगायची. मोजताना चुकू नये म्हणून तिनं ओव्या गाणं सोडलं. आज आकडे दिसले नाहीत, तर लेथ विकायचं ठरलेलं. झेंडूचा हार सारून देवाप्पांनी लेथ सुरू केली, हॅण्डल फिरवत सवयीनं विचारलं, “किती गं?” चंद्राबाईनं तोंडाला पदर लावला. “आप्पा, तुमीच बघा की!” लेक ओरडली. देवाप्पा वाकले. “पंचवीस… शून्य… शून्य! आगं, लई लखलखीत दिसतंय!” लेथ थांबवल्यावर कातलेल्या दांड्याला लावलेला लेकीचा मायक्रोमीटरही तेच म्हणाला. “मग माजं काय काम आता?” चंद्राबाई रुसली. “रेघा सुटल्या, आता ओवी म्हण.” देवाप्पांनी बटण दाबलं आणि जात्यावर धरावी तशी तिनं लेथच्या घरघरीत ओवी धरली.