बुधवारच्या आधी

“जायफळ नाही घरात,” रुखमाबाई म्हणाल्या. “सुचिता, पिंपळगाव राजाले जा अन् घेऊन ये.”

सुचिताचे दोन्ही हात पुरणात होते. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, रविवारची सकाळ. घरात चौदा माणसं. दोन्ही नणंदा सुट्टीत पोरं घेऊन शुक्रवारीच उतरल्या होत्या. अंगणभर पोरांच्या पथाऱ्या, ओसरीवर जावई, न्हाणीपुढे रांग. आठ वाजले नव्हते, तरी पत्रे तापून कडकड करत होते. अन् पिंपळगाव चार किलोमीटर.

“मी आणतो ना मामी, गाडीवर,” धाकटे जावई उद्धवराव उठले.

“बसा तुमी. सणाच्या दिवशी जावायाले बाजारात धाडू? गाव थुंकीन माह्या तोंडावर.”

“मंग दादाले धाड,” नणंद स्नेहलता म्हणाली.

“तो निंबाखाली पत्ते खेळून राह्यला. वर्साचा सण आहे त्याचा. हिच्या पायाले का मेंदी लागली?” रुखमाबाईंनी सुचिताच्या पायांकडे पाहिलं. “अन् ते तुटकी चप्पल नको घालू वं. माह्या नातीचे, इराचे बूट घाल. अनवाणी आली तं लोक मलेच नावं ठेवतीन.”

सुचिता निघाली.

बुधवारी बुलढाण्याला वनरक्षकाच्या भरतीची परीक्षा होती. आधी तीन किलोमीटरची धाव, मग सोळा किलोमीटर. शेतात लवकर जायच्या निमित्तानं तीन महिने ती बांधाबांधानं पळत होती. पण एका दमात दहाच्या पुढं कधी गेली नव्हती. शनिवार-रविवारी एकदा पूर्ण सोळा करायचे, असं तिनं ठरवलं होतं. त्याच दोन दिवसांत घर पाहुण्यांनी भरलं. श्वास घ्यायला कोपरा नव्हता, पळायला कुठून असणार.

पंधरा दिवसांपूर्वी राजकुमारला, तिच्या नवऱ्याला, तिचे बूट सापडले होते. त्यानं ते पाणी तापवायच्या बंबात घातले. रबराचा वास सगळ्या गल्लीत गेला. मग तो तिच्याकडे वळला. रुखमाबाई दारातच उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “बाईच्या जातीले बूट कशाले लागतात?”

दुसऱ्या दिवशी कासारीण आली. बांगड्या फुटल्या की दुसऱ्या दिवशी ती यायचीच. “आमच्या सुनंचे हात लय धसमुसळे,” असं रुखमाबाई तिला सांगायच्या आणि सुनेच्या हातात नवा हिरवा चुडा भरायच्या. सात वर्षं कासारीण मान हलवत होती. सात वर्षं सुचिता खाली पाहत होती.

वेशीपर्यंत ती चालत गेली. मग पदर खोचला, लुगड्याचा घोळ वर घेतला आणि पळायला लागली. म्हातारीनं राबवायला धाडलं होतं ना? मग यातलेच आठ चोरायचे. तासाभरात ती जायफळ घेऊन दारात उभी होती.

“कापूर राह्यला,” रुखमाबाई म्हणाल्या.

स्नेहलतानं कपाळाला हात लावला. “आई, एकाच टायमाले काऊन नाही सांगितलं? तिचं तोंड पाह्य कसं लाल झालं!”

“इसरली. म्हातारी झाली मी. तुई सासू का तुले पालखीत बसोते?” सुचिता पायरीवर टेकत होती. रुखमाबाई कडाडल्या, “टेकू नको! तुया बसण्यानं पुरण आंबून जाईन. लोटाभर पानी पे अन् निंघ. पितराइचं पान वाढाच्या आत ये.”

उद्धवरावांनी मान फिरवली. एवढी कडू सासू त्यांनीही पाहिली नव्हती.

या खेपेला रस्ता वितळत होता. बाराव्या किलोमीटरला तिच्या बरगडीत सुरी फिरल्यासारखं झालं. पंधराव्याला ती बांधावर वाकून ओकली, निव्वळ पाणी पडलं. मग तोंड पुसून परत पळाली. गावात शिरताना पाय तिचे नव्हतेच.

निंबाखालून राजकुमार उठला. तोंडाला वास, हातात पत्ते तसेच.

“कुठी पळून राह्यली वं? अन् हे बूट कोणाचे?”

तो तिच्या मागोमाग घरात आला. हात उचललेलाच होता.

“म्या धाडली,” रुखमाबाई मध्ये आल्या. “मले इचार. घरात पाहुणे आहेत. हात खाली घे.”

सात वर्षांत हे त्या पहिल्यांदा बोलल्या. तो शिव्या देत परत निंबाखाली गेला.

रुखमाबाईंनी सुचिताला दंडाला धरून मागच्या कोठीत ओढलं आणि दार लोटलं.

“चार अन् चार आठ. आठ अन् आठ सोळा,” त्या बोटांवर मोजत म्हणाल्या. “बराबर आहे ना?”

सुचितानं मान वर केली.

“डाळीच्या डब्यात दडवलेला तुया परीक्षेचा कागद इराकडून वाचून घेतला म्या. मंगळवारी तुले माहेरी धाडते म्हणून सांगते सगळ्याइले. माहेरी नको जाऊ. थेट बुलढाण्याले जा.”

“मामी, अन् नोकरी लागली तं मंग?”

बाहेरून स्नेहलता घागरीसाठी हाका मारत होती. रुखमाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. त्यांचा आवाज नेहमीसारखाच खरखरीत होता.

“मंग दिवाळीले बोलावनं धाडीन मी. चार लोकाइदेखत धाडीन. आली नाही म्हणून गावभर शिव्याही देईन तुले,” त्या म्हणाल्या. “येजो नको.”