विचारून सांगते

"काकू, मुलाशी मागाहून बोला. आधी सही करा!"

डॉक्टरांचा आवाज जरा चढलाच. समोर शिंप्याची बायको उभी होती. एका हातात पेन, दुसऱ्या हातातला फोन कानाला. पलीकडे मुलगा काही फोन उचलत नव्हता. आणि आत तिचा नवरा घामाने निथळत पडला होता. कापड बेतता बेतता त्याच्या छातीत कळ आली होती, ती थेट डाव्या हातात उतरली. ईसीजीच्या कागदावरची रेघ जिथे खाली यायला हवी, तिथे वरच अडकून बसली होती. हृदयाची मोठी रक्तवाहिनी ठार बंद. शंकेला जागाच नव्हती.

"फक्त त्याला विचारून सांगते हो," ती काकुळतीला आली. "आमच्याकडे सगळं त्यालाच विचारून होतं. उद्या तो म्हणेल, आई, मला न विचारता…"

"म्हणेल तेव्हा म्हणेल! इथे मिनिटामिनिटाला हृदय मरतंय. मुलाचा फोन लागेपर्यंत ते थांबणार नाही."

बाई हबकली. सही वाकडीतिकडी झाली, पण झाली.

तेवढ्यात डॉक्टरांच्या खिशातला फोन थरथरला. पडद्यावर 'आई'. त्यांना हसूच आलं.

"आमच्या मातोश्री," ते सिस्टरला म्हणाले. "सात तासांच्या अंतरावर राहतात, पण खिडकीच्या पडद्याला रंग कोणता घेऊ, तेही मलाच विचारतात."

फोन त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला. आत जाताना फोन बाहेर ठेवायचा, हा त्यांचा शिरस्ता. पेशंटच्या रक्तवाहिनीत तार असताना जगबुडी झाली तरी मला हाक मारायची नाही, असं त्यांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

शिंपी मोठा गमत्या. तशातही गप्प बसेना. "डॉक्टर, टाके नीट घाला बरं का. कच्चं काम मला लगेच कळतं."

"टाका एकही नाही. मनगटातून तार जाणार. तुमचं दुकान इथे चालायचं नाही!"

शिंपी हसला आणि हसता हसताच त्याचे डोळे फिरले. हृदय थांबलं होतं. एक झटका दिला, काही नाही. दुसरा दिला. पडद्यावरची रेघ पुन्हा धावू लागली, तेव्हा सिस्टरने कपाळावरचा घाम बाहीनेच पुसला. मग तार अडलेल्या जागेतून पार झाली, फुगा फुगला, स्टेंट बसला आणि इतका वेळ तुंबलेलं रक्त सरसर पुढे गेलं. डॉक्टरांना असं वाटलं की आपलंच कुणीतरी वाचलं.

बाहेर शिंप्याची बायको बाकाच्या कडेला टेकली होती. त्यांना बघताच ती उठली.

"वाचले," डॉक्टर म्हणाले. "अजून अर्धा तास फोन धरून बसला असतात ना काकू, तर मीसुद्धा काही करू शकलो नसतो."

ती तोंडाला पदर लावून रडली. तोच तिच्या मुलाचा फोन आला. "अरे, वाचले तुझे बाबा! तुला न विचारताच सही केली रे. रागावू नकोस हं."

डॉक्टरांना त्या दोघांचं कौतुक वाटलं. ड्रॉवर उघडून त्यांनी फोन घेतला. अकरा मिस्ड कॉल, सगळे आईचे. एवढ्या वेळा ती कधीच फोन करायची नाही. त्यांनी घाईघाईने फोन लावला.

"कुठे होतास रे?" आईचा आवाज अगदी शांत होता. "यांच्या छातीत दुखायला लागलं. शेजाऱ्यांनी लगेच गाडी काढली, वेळेत पोचलो आम्ही. इथले डॉक्टर मघापासून कागद घेऊन माझ्यामागे लागले होते. मोठी नळी बंद आहे, सही करा, सही करा. ओरडलेसुद्धा माझ्यावर. मी म्हटलं, माझा मुलगा स्वतः हृदयाचा डॉक्टर आहे, त्याला विचारून सांगते. बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी तुला न विचारता सही केली, तेव्हा केवढा चिडला होतास. म्हणाला होतास, यापुढे मला विचारल्याशिवाय कुठल्याही कागदाला हात लावायचा नाही. मग मी नाही लावला."

"आई, बाबा कसे आहेत?"

"गेले रे."

बाकावर शिंप्याची बायको अजून मुलाला सगळं पहिल्यापासून सांगत होती.

"ऐकतोयस ना?" आई विचारत होती. "आता त्यांनी दुसरा कागद आणलाय, यांना घरी न्यायचा. यावर करू का रे सही?"