मागे उभं राहायचं काम

शाळेच्या नाटकात १९५० सालातली अमेरिकेतल्या एका राज्याच्या गव्हर्नरची निवडणूक होती, आणि कस्तुरीच्या वाट्याला आली होती उमेदवाराची बायको. बहारीनमधल्या उम्म अल हस्सम भागातल्या फ्लॅटमध्ये पूर्णिमा लेकीच्या ठिपक्यांच्या फ्रॉकला झालर शिवत बसली होती.

"आई, शी हॅज नो लाइन्स! नवऱ्याच्या मागे उभं राहायचं, हसायचं, हात हलवायचा. खलास!"

"तेव्हा तसंच असायचं गं, राणी."

तेवढ्यात गुरुप्रसाद दारातून डोकावला. "अगं, माझं भाषण लिहून झालं का? मराठी मंडळाच्या अध्यक्षपदासाठी आजच नाव द्यायचंय."

कस्तुरीचे डोळे मोठे झाले. "म्हणजे बाबांच्या लाइन्स तू लिहितेस?"

पूर्णिमाची सुई थांबली. तिने दोरा दातांनी तोडला, फ्रॉक लेकीच्या हाती दिला आणि मंडळाच्या सेक्रेटरीला फोन लावला. "सागरभाऊ, अध्यक्षपदासाठी माझं नाव लिहा. हो हो, माझंच."

गुरुप्रसाद बघतच राहिला. "आणि मी?"

"तुमचं काम सोप्पं आहे. मागे उभं राहायचं, हसायचं, हात हलवायचा. कस्तुरी शिकवेल तुम्हाला."